जकातघरातली शांतता

वहिनींच्या कचेरीत येणारी माणसं आधी तीन मजल्यांच्या जिन्याला नावं ठेवतात आणि मग आपलं दुःख सांगतात. त्या दिवशी आलेली मुलगी जिन्याबद्दल अवाक्षरही बोलली नाही. तेव्हाच भाऊजींनी वही उघडली.

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. शाळेत भूमिती शिकवण्यात त्यांची तीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकोच्या डोक्याला ताप नको, म्हणून ते वहिनींकडे नोंदी ठेवायला येऊ लागले. वहिनी खाजगी गुप्तहेर होत्या आणि भाऊजी फक्त नोंदी ठेवत, हे त्या दोघांनाही पक्कं माहीत होतं.

मुलीचे वडील नदीच्या वळणावरच्या जुन्या जकातघराचे रखवालदार होते. एकतीस वर्षं ते तिथेच मागच्या दोन खोल्यांत राहत. इमारत एका विश्वस्त मंडळाची. मंगळवारी सिनेमाची मंडळी चित्रीकरणासाठी जागा बघायला आली आणि बुधवारी सकाळी मोठ्या दालनातली पितळी दुर्बीण गायब झालेली आढळली. कुलूप शाबूत होतं आणि किल्ल्या एकट्या वडिलांकडेच. बोभाटा नको म्हणून मंडळाच्या सचिवांनी एक कागद तयार केला होता. वडिलांनी जबाबदारी कबूल करायची आणि खोल्या सोडायच्या. ते शुक्रवारी सही करणार होते.

"त्यांनी घेतली नाही, हे मला माहीत आहे," मुलगी म्हणाली. "पण त्यांनाच ते माहीत नाही हो."

वहिनींनी चष्मा वर केला. "म्हणजे?"

दालनात एक लंबकाचं घड्याळ होतं. रखवालदार त्याला रोज सकाळी आठला किल्ली देत. बुधवारी सकाळी ते चार वाजून वीस मिनिटांवर बंद पडलेलं दिसलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. मंगळवारी आपण किल्ली द्यायला विसरलो आणि ते रात्रीतून थांबलं, असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. त्यांच्या थोरल्या भावाला शेवटी स्वतःचं घरसुद्धा ओळखता येईना. आता आपलंही तेच सुरू झालं, घड्याळ विसरणाऱ्याने दुर्बीणही कुठे तरी ठेवली असेल, असं ते म्हणत. दोन दिवस त्यांच्या पोटात अन्न नव्हतं.

तासाभरात दोघं जकातघरात हजर झाले.

दालन मोठं देखणं होतं. दगडी कमानी, नदीकडे उघडणाऱ्या उंच खिडक्या आणि खाली पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. सिनेमावाले भुलले यात नवल नव्हतं. भाऊजींना मात्र तिथे धड बोलता येईना. भिंतीवरचं घड्याळ सुताराने खिळे ठोकावेत तसं टकटक करत होतं. त्याच्या खालच्या कोनाड्यात दुर्बिणीचा रिकामा स्टँड उभा होता.

सचिव वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. चोरीची बातमी फुटली तर चित्रीकरण रद्द होईल, आणि छप्पर दुरुस्त करायचा तोच एक मार्ग होता. त्यांनी एक छापील फोटो पुढे केला. खिडकीबाहेरून काढलेला. तिरप्या उन्हात स्टँडवर दुर्बीण होती आणि वर घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मंगळवारचा आहे," सचिव म्हणाले. "सिनेमासाठी जागा शोधणाऱ्या लोकेशनवाल्याने निघताना काढला. त्यानंतर आत कोणी गेलेलं नाही. मग तुम्हीच सांगा मी काय समजायचं."

रखवालदार प्रत्येक प्रश्नाला आधी "असेल" म्हणत आणि मग आठवत. मंगळवारी तिघं आले होते. दिग्दर्शिका, लोकेशन शोधणारा आणि आवाजवाला. चारच्या सुमारास आवाजवाल्याने सगळ्यांना दालनाबाहेर काढलं. एका मिनिटाने तो बाहेर आला. मग रखवालदार त्याला आणि दिग्दर्शिकेला वरच्या खोल्या दाखवायला घेऊन गेले. लोकेशनवाला खाली मापं घेत राहिला. वरची मंडळी मागच्या जिन्याने थेट नदीवर उतरली. थोड्या वेळाने लोकेशनवालाही तिथे आला. निघताना तो शेवटचा फोटो काढतो म्हणून खिडकीपाशी जाऊन आला. रखवालदारांनी बाहेरूनच दार ओढून कुलूप लावलं. आत डोकावले नाहीत.

"लोकेशनवाला खाली एकटा होता, वहिनी," बाहेर आल्यावर भाऊजी पुटपुटले.

"होता. पण फोटोत पाच-दहाला दुर्बीण जागेवर आहे, भाऊजी. तुमचा बाण हुकला."

लोकेशनवाल्याच्या कचेरीत भिंती फोटोंनी लिंपल्या होत्या. किल्ले, गिरण्या, तलाव, ओसाड रेल्वे स्टेशनं. माणूस बोलका आणि आपल्या कामावर खूश. कुठलीही जागा वेगवेगळ्या वेळी पाहिल्याशिवाय आपण कोणाला दाखवत नाही, जकातघरही आठवडाभर आधी एकट्याने जाऊन बाहेरून पाहून आलो होतो, हे त्याने आपणहून सांगितलं. वहिनींनी मूळ फोटो मागितला. कॅमेऱ्याचं कार्ड पुसून दुसऱ्या कामाला वापरलं होतं, ही सगळ्यांचीच पद्धत. रखवालदाराबद्दल मात्र त्याला फार वाईट वाटत होतं. म्हातारपणी होतं असं, तो म्हणाला.

आवाजवाल्याची खोली गोधड्यांनी मढवलेली होती. जिना चढून भाऊजींच्या घशाला कोरड पडली होती. पाण्यासाठी त्यांनी फ्रिज उघडला तर बाटलीशेजारी स्कूटरची किल्ली.

"राहू द्या तिथेच," आवाजवाला हसला. "रेकॉर्डिंग करताना फ्रिजची घरघर नको म्हणून मी तो बंद करतो. मग चालू करायला विसरतो आणि दूध नासतं. म्हणून किल्ली आत टाकायची. घरी निघताना किल्ली शोधावीच लागते."

भाऊजींना ही युक्ती इतकी आवडली, की त्यांनी ती वहीत उतरवून घेतली. घरी बायकोला सांगायची होती.

तो जिथे जाई तिथल्या प्रत्येक खोलीची एक मिनिटाची शांतता टिपून आणत असे. खोली घुमते का, बाहेरचा कलकलाट किती, हे त्यावरून कळतं. जकातघराच्या दालनाची शांतता त्याने ऐकवली. लांबवर होडीचं इंजिन, कबुतरांची फडफड, बाकी काही नाही. नोंद चार एकवीसची होती. मिनिटभर काहीच न ऐकता भाऊजींना जांभई आली.

"तुम्ही तिकडे स्कूटरवरून गेला होतात?" वहिनींनी विचारलं.

"छे, सगळे एकाच गाडीत. लोकेशनवाल्याच्या ट्रायपॉडच्या पिशवीने जीव नकोसा केला. जाताना मांडीवर घेतली होती, पण येताना खाली ठेवली. ती पायावर आदळली, अंगठा अजून काळा आहे. आणि ट्रायपॉड त्याने दिवसभरात एकदाही काढला नाही."

शुक्रवारी सकाळी सिनेमावाल्यांसह सगळे दालनात जमले. टेबलावर तो कागद होता. रखवालदारांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, पेन हातात होतं. मुलगी त्यांच्या खुर्चीमागे उभी होती.

"सहीआधी जरा गप्प बसू या," वहिनी म्हणाल्या. "एक मिनिट. काय ऐकू येतं ते सांगा."

घड्याळ ठोकत राहिलं. भाऊजींच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला आणि ते खुर्चीत सावरून बसले.

"मंगळवारी चार एकवीसला याच दालनाची शांतता टिपली गेली," वहिनी म्हणाल्या. "त्यात लांबची होडी ऐकू येते, पण हे घड्याळ ऐकू येत नाही. का?"

आवाजवाल्याचा चेहरा उतरला. "मी लंबक धरून थांबवला होता. प्रत्येक ठिकाणी थांबवतो."

"आणि परत चालू केलात?"

त्याने घड्याळाकडे पाहिलं. "नाही. दिग्दर्शिकाबाई ऊन जाईल म्हणून घाई करत होत्या. आणि..."

"आणि स्कूटरची किल्ली नव्हती. घड्याळाच्या पेटीत ठेवायला तुमच्याकडे काहीच नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "घड्याळ चार-वीसला थांबलं, पण रात्रीच्या नव्हे, दुपारच्या. बुधवारी सकाळपर्यंत ते तसंच होतं. मग मंगळवारी खिडकीतून काढलेल्या फोटोत त्यात पाच-दहा कसे वाजले?"

लोकेशनवाला म्हणाला, की घड्याळ मध्येच चालू झालं असेल.

"चालू होऊन पाच-दहापर्यंत गेलं आणि पुन्हा मागे येऊन चार-वीसला थांबलं? हा फोटो मंगळवारचा नाही. तुम्ही आठवडाभर आधी येऊन गेलात तेव्हाचा आहे. मंगळवारी तुम्ही खिडकीशी गेलात ते फक्त लोकांना दिसावं म्हणून. दुर्बीण त्याआधीच, तुम्ही खाली एकटे असताना, रिकाम्या पिशवीत गेली होती. जाताना मांडीवर सहज पेलणारी पिशवी परतताना माणसाचा अंगठा काळा करते, ती ट्रायपॉडने नाही."

त्याने ट्रायपॉडच्या जड पायांचे, स्क्रूंचे बरेच दाखले दिले. पण कोणी त्याच्याकडे बघत नाही हे कळल्यावर तो थांबला. जुन्या वस्तूंचा एक हौशी माणूस दुर्बिणीसाठी कधीपासून त्याच्या मागे लागला होता. दुर्बीण अजून लोकेशनवाल्याच्याच कपाटात होती. नुसता बोभाटा नको म्हणून धडपडणाऱ्या सचिवांनी स्वतःच पोलिसांना फोन लावला. मग तो कागद उचलून त्याचे चार तुकडे केले आणि रखवालदारांपुढे हात जोडले.

रखवालदारांचं लक्ष नव्हतं. पेन अजून त्यांच्या हातात होतं आणि ते आवाजवाल्याकडे बघत होते.

"तुम्ही थांबवलंत?" त्यांनी विचारलं. "हाताने?"

"हो काका. चूक झाली. माफ करा."

"म्हणजे मंगळवारी मी किल्ली दिली होती."

"दिली होती," वहिनी म्हणाल्या. "ते व्यवस्थित चालू होतं, म्हणून तर यांना थांबवावं लागलं."

म्हातारबाबांनी पेन टेबलावर ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले. ते पुसायला त्यांनी हात वर केला नाही. मग मागे वळून मुलीचा हात धरला.

"बघ," ते म्हणाले, "मला सगळं आठवतंय. तू सकाळी डब्यात भात आणलास, आणि मी तो खाल्ला नाही. आण इकडे."