ज्याने शेवटची झोप या घरात घेतली

विषय : राष्ट्रीय आरोग्य पाहणीत निवड झालेल्या एका घराच्या सदस्यांतून माझे नाव कमी करण्याबाबत.
संदर्भ : माझे याआधीचे सर्व अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून सांगायचं ते असं, की नोकरीभर मी दुसऱ्यांच्या अर्जांवर ‘पुढील कार्यवाहीस्तव’ असा शेरा मारून ते शेजारच्या टेबलावर ढकलले. आता निवृत्तीनंतर स्वतःचा अर्ज घेऊन त्याच टेबलांसमोर उभा असतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

नोकरीच्या अखेरीस मला देशभरच्या आरोग्य पाहणीवर पाठवलं. कारकून जायला टेकला की त्याच्यावर असले सन्मान कोसळतात. सोबत एक सिस्टर होती. कॉम्प्युटरने निवडलेल्या घरी जायचं, माणसं मोजायची, वजन-उंची घ्यायची, दंडाला पट्टी बांधून रक्तदाब बघायचा. घर बदलायला सक्त मनाई. दाराला कुलूप असो की दारात कुत्रं, तेच घर हवं. नाहीतर म्हणे सगळ्या देशाचं चित्र बिघडतं.

घरचं माणूस कुणाला म्हणायचं, याचीही व्याख्या होती. पूर्वी ‘काल रात्री इथे कोण झोपलं होतं’ असं विचारत. त्यात रात्रपाळीवाले सुटतात, अशी तक्रार झाली. मग साहेबलोकांनी बैठकांवर बैठका घेऊन सुधारित व्याख्या काढली : ज्याने आपली शेवटची झोप या घरात घेतली, तो या घरचा. प्रशिक्षणात ती आमच्याकडून शाळेतल्या पाढ्यांसारखी घोकून घेतली होती.

आमचं एक घर अडलं. एका इमारतीत, वरच्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला. मध्यम वयाच्या, चष्मा लावलेल्या, कडक इस्त्रीतल्या एक बाई दार उघडायच्या आणि ओठांवर बोट ठेवायच्या.

“सगळे झोपलेत. उठले की बोला.”

सकाळी गेलो तरी झोपलेले, संध्याकाळी गेलो तरी झोपलेले. सिस्टर जिन्यातच बसकण मारून म्हणाली, “काका, हे घर आहे की वॉर्ड?” खालच्या किराणा दुकानदाराला विचारलं, वर माणसं किती? तो पुडी बांधता बांधता म्हणाला, “कमी झालेली कधी पाहिली नाहीत.”

साहेबांचा फोन आला. “तुमच्या एका घरापायी माझा अख्खा विभाग अडलाय. आज ते बंद करूनच या.” घर बंद करणं म्हणजे टॅबवर त्याची माहिती पुरी करणं. आमच्या खात्याची भाषाच अशी अपशकुनी.

भर दुपारी पुन्हा गेलो. “ते उठेपर्यंत बसतो,” मी ठणकावून सांगितलं. बाईंनी मला आरामखुर्ची दिली. खिडक्या बंद होत्या. आतल्या खोलीच्या दाराला जाड पडदा होता. वर्षानुवर्षं न उघडलेल्या पेटीतल्या कपड्यांचा वास येत होता, आणि त्याच्या तळाशी स्पिरिटचा. पडद्यामागून श्वास ऐकू यायचे, बऱ्याच जणांचे, पण एकाच लयीत. आत घेतलेला श्वास बाहेर पडायला इतका वेळ लागायचा, की मीच माझा धरून बसायचो. तो धरता-सोडता माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा सिस्टर पडद्यासमोर गुडघ्यांवर बसली होती. पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर आलेला. तिने पट्टी बांधली, ती फुगली, सुटली. हात आत गेला. दुसरा आला.

“काका...” तिने मशीन माझ्याकडे वळवलं. “नाडीच लागत नाहीये...”

“सेल बदल.”

“बदलले... दोनदा.”

पुढच्या हाताला खाकी बाही होती. त्यापुढच्या मनगटावर आमच्याच खात्याने मागच्या पाहणीत वाटलेलं घड्याळ होतं. ते चालू होतं.

“टॅब पुढे सरकत नाही,” ती कुजबुजली. “निदान एका माणसाचा तरी आकडा मागतोय.”

“मग यांचा घ्या की,” बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. “हेही घरचेच. आत्ताच तर उठले.”

सिस्टर हसली. हसण्यासारखं काही नव्हतं, पण थकलेलं माणूस हसतं. “व्याख्येत बसताय, काका.”

साहेबांच्या शिव्या खाण्यापेक्षा हे बरं, म्हणून मी वैतागून हात पुढे केला. मशीनने आकडा दिला. घर बंद झालं. बाईंनी माझी बाही प्रेमाने खाली केली. “चला. जागा केलीच होती.”

त्यानंतर सुरू झालं ते असं. झोपेत माझ्या दंडावर पट्टी आवळत जाते, आणि पडद्यापलीकडून कुणीतरी म्हणतं, “नाही लागत.” सकाळी दंडावर वळ असतो.

कार्यालयात गेलो. म्हटलं, त्यानंतर मी रोज माझ्याच घरी झोपतो, तुमच्याच व्याख्येने माझं नाव तिथून काढा. माझ्या खुर्चीवर बसलेल्या नव्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, “पुरावा? मिसेसचं लेखी आणा.”

बायकोने पेन हातात घेतलं, थोडा वेळ धरलं आणि खाली ठेवलं.

“अहो, खोटं कसं लिहू?”

“खोटं काय त्यात?”

“तुमचा डोळा लागला की पलंगावर कुणी नसतं. मी चाचपून बघते रोज... तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही.”

दुसरी वाट होती घरच्या प्रमुखाच्या संमतीची. म्हणजे त्या बाईंची. मी पुष्कळ खेटे घातले. ‘सगळे झोपलेत’ याखेरीज उत्तर नाही. शेवटी बायकोच उठली. “तुम्हाला बोलता येत नाही. मी सांगते तिला, माझा नवरा मला परत दे म्हणून. बाईमाणूस आहे, समजेल.”

बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. “करते हो सही. आतले सगळे उठू द्या, त्यांना विचारायला हवं ना. तोवर पाठ टेका वहिनी.” आणि मऊ उशी आणून तिच्या मानेखाली दिली. मी मुद्दाम उभा राहिलो. बायकोला हाका मारल्या, चिमटे काढले. “जागीच आहे हो,” ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिने पुरं केलं नाही. दुपारी डाव्या कुशीवर वळल्याशिवाय तिला झोप लागत नाही. बाईंनी तिला अलगद डाव्या कुशीवर वळवलं. ही गोष्ट माझ्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती.

हल्ली सकाळी आमची गादी कुणी न वापरल्यासारखी असते, आणि दोघांच्याही दंडावर वळ असतात. सुधारित अर्ज दोन नावांचा केला आहे. पोच मिळाली आहे. अर्ज प्रलंबित आहे.