फ्रीझरची किल्ली

लिफ्टचं दार मिटता मिटता तो थर्माकोलची पेटी घेऊन आत घुसला, आणि पेटीतल्या कोरड्या बर्फाचा धूर थेट तिच्या चेहऱ्यावर गेला.

"सॉरी हं... पण तुम्ही ढगातून उतरल्यासारख्या दिसताय."

"आणि तुम्ही उतू चाललेल्या पातेल्यासारखे. चौथा मजला दाबा."

त्यालाही तिथेच जायचं होतं, कॅन्सर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. रुग्णांच्या गाठींचे गोठवलेले तुकडे परदेशातल्या संशोधनासाठी न्यायला तो आला होता. ते तुकडे ठेवलेला फ्रीझर ती सांभाळायची. किल्ली तिच्या गळ्यात.

"किल्ली देताय ना?" लॅबमध्ये शिरताच त्याने विचारलं.

"नाही."

"गंमत करताय..."

"माझं तोंड बघून गंमत वाटते?" ती उसळली. "तुमच्या कंपनीने इथल्या बायकांवर नवं औषध तपासलं. लागू पडलं. आता तपासणी संपली, म्हणून औषध बंद! तिकडे परदेशात ते विकत मिळणार. इथे माझ्या मावशीने काय करायचं? गाठ वाढायची वाट बघायची? आणि वर हे तुकडेही न्यायचे?"

मावशी लॅबच्या उघड्या दाराबाहेर बाकावर विणत बसली होती. हिला लहानाची मोठी तिनेच केलेली.

त्याचं हसू मावळलं. त्याने कंपनीतल्या साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं आणि स्पीकर चालू केला.

"त्या मुलीच्या मावशीला देऊ औषध," साहेब म्हणाले. "बाकीच्यांचं जमणार नाही. मिटवा विषय."

तिचा हात आपसूक किल्लीकडे गेला...

"अगं," बाहेरून मावशी म्हणाली, "माझ्या शेजारच्या खाटेवरच्या पोरीला काय सांगू मी? तुझी कुणी किल्लीवाली भाची नाही, तू मर?"

हात खाली आला. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्याने ते पाहिलं — आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

"साहेब, ज्यांनी औषध घेऊन दाखवलं त्या सगळ्यांना द्या. नाहीतर पेटी रिकामी येईल."

"नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ द्या."

फोन कटला.

"कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" ती त्याच्यावरच चिडली. "उद्या दुसरा कुणी येईल."

"येऊ द्या. दोघं मिळून भांडू."

"दोघं?"

"म्हणजे... तुम्हाला चालत असेल तर. रोज. मला तुमचा राग आवडला. खरं सांगू का — तुम्हीच आवडलात."

"हॉस्पिटलात कुणी असं बोलतं का?" तिचे कान लाल झाले होते.

"लाजायचं नंतर बघू," मावशीने सुया पिशवीत कोंबल्या. "मी वॉर्डातल्या बायकांना उठवते. तुम्ही मोठ्या डॉक्टरांचं दार अडवा."

भाची तरातरा निघाली. दोन पावलांवर थबकली, पण वळली नाही.

"येताय ना?... की नुसतं प्रेमच करणार आहात?"