ओल्या फडक्याचा पारा

कंदिलाची काच काळी झालीय, राहू द्या. गोष्ट संपली की पुसू.

चौऱ्याहत्तरचा श्रावण. मी पिंगळीहून रेल्वेनं ड्युटीला जायचो, टेलिफोन ऑफिसात. कुठल्या गावचं ते विचारू नका, जिल्ह्यातलंच. यंत्रं तळघरात होती अन् त्यांना ओल म्हणजे जहर. म्हणून भिंतीवर दोन तापमापक टांगलेले, एकाच्या बुडाला ओलं फडकं. दोन्ही पाऱ्यांत अंतर जास्त असलं की हवा कोरडी. अंतर घटलं की दमट. माणसाच्या श्वासानंसुद्धा ते घटायचं. म्हणून रजिस्टरात एक रकाना होता: आत माणसं किती.

तीन दिवस झड लागलेली, त्यात हवा सुकवायचं मशीन बंद पडलं. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब तपासणीला येणार. मी हंगामी माणूस. यंत्रांना ओल धरली असती तर पक्कं होणं लांबच, होती तीच नोकरी गेली असती. मग भरदुपारी मी शक्कल लढवली. रसरसती शेगडी खाली नेली अन् ओल शिरू नये म्हणून कडांना नमदा, म्हंजे दाबलेल्या लोकरीची जाड पट्टी, ठोकलेलं दार गच्च ओढून घेतलं. लय शहाणा समजत होतो स्वतःला!

अंतर वाढू लागलं. मी रकान्यात एक लिहिलं अन् स्टुलावर टेकलो. तापल्या पितळेचा वास, यंत्रांची टकटक... डोकं जड झालं, पण झोप मोठी गोड यायला लागली. सहज वर पाहिलं तर अंतर घटायलं होतं. शेगडी तर तशीच फुललेली. ओल्या फडक्याच्या तापमापकाच्या काचेवर वाफ धरली होती, तोंडाएवढी. मी बाहीनं पुसली. परत धरली. कुणीतरी अगदी जवळून श्वास सोडायलं होतं...

"कोण हाय?"

माझा आवाज मलाच ऐकू आला न्हाई. शेगडी पाणी ओतल्यागत चर्रकन विझली, तेवढं आठवतं.

डोळे उघडले तवा मी बाहेर पायरीवर पडलो होतो. ऑफिसात पाणी भरणारी पंचफुलाबाई तोंडावर पाणी मारायली होती.

"दार तुमी उघडलं, मावशी?"

"न्हाई भाऊ... उघडंच होतं." विझल्या शेगडीकडं बघून तिचा बांध फुटला. "आमचे मालक बी अशीच शेगडी घेऊन बसले होते... दार लावून. कोळशाचा वायू, भाऊ. तवा दार कुणीच उघडलं न्हाई."

तिचा नवरा सिताराम माझ्याआधी त्याच स्टुलावर बसायचा. मला कुणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

साहेब आलेच न्हाईत. पुरामुळं त्यांची गाडी देवगाव फाट्यावरूनच परत फिरली. नोकरी पुढं पक्की झाली, शेगडीला मी परत हात लावला न्हाई.

पण त्या दिवसापासून एक सुरू झालं. दुपारी तीनला कुलूप काढून आत गेलं की अंतर घटलेलं असायचं. आमचा अंदाज पक्का होता, एका माणसाच्या श्वासानं किती घटतं अन् दोघांच्या किती. रिकाम्या, बंद खोलीत ते दोघांइतकं घटलेलं असायचं. एक सिताराम, मानलं. दुसरा कोण, हे मी कधी कुणाला विचारलं न्हाई.

घ्या, आता ती काच तुमीच पुसा. मी गार काच किती बी तोंडाजवळ धरून हाऽ केलं, तरी तिच्यावर वाफ धरत न्हाई.