राहून गेलं

किल्ली घ्यायला आलात ना, पाळकीणबाई? देते की. चर्चच्या ऑर्गनची किल्ली ठेवून मी काय तिचं लोणचं घालणार आहे? बसा जरा, चहा टाकलाय. एवढं चांगलं वाजवत होते, मग सोडलं का, हे विचारायला तुमच्या यजमानांनी पाठवलंय तुम्हाला. किल्ली नुसतं निमित्त. मला कळत नाही असं समजू नका. कुणीतरी तुम्हाला तिखटमीठ लावून सांगणारच, त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

तुमच्या आधी इथे जे पाळक होते, ते माझे मेहुणे. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. बोलायला लागले की ऐकत राहावं असा माणूस. आणि त्यांचं नाव कशासाठी झालं होतं माहितीये? प्रामाणिकपणासाठी! दर रविवारी उपदेशाच्या आधी व्यासपीठावर उभं राहून स्वतःच्या चुका सांगायचे. "बंधुभगिनींनो, या आठवड्यात माझ्याकडून रागावणं झालं. सकाळची प्रार्थना राहून गेली. एका आजारी भावाला भेटायला जाणं जमलं नाही." की लगेच पुढच्या बाकांवर रुमाल निघायचे. पाळक असून काही लपवत नाहीत हो, असं म्हणत बाया घरी जायच्या.

मला मेलीला तेव्हाही हसू यायचं. नीट ऐका ना ते बोलणं. रागावणं झालं. प्रार्थना राहून गेली. जाणं जमलं नाही. यात माणूस कुठेय? म्हणजे राग आपला आपण आला, प्रार्थना आपली आपण राहिली, आणि हे बिचारे बाजूला उभे राहून बघत होते! आपली भाषा भारी सोयीची आहे, बाई. गुन्हा सांगायचा आणि गुन्हेगाराला मागच्या दारानं घालवून द्यायचं.

माझी बहीण मात्र वस्ताद. रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकवायची. एखादं पोर तोंड वाकडं करत यायचं, "बाई, त्याला लागलं." ही शांतपणे विचारायची, "आणि?" "तो पडला." "आणि?" "माझा धक्का लागला." "आणि?" मग शेवटी पोर मान खाली घालून म्हणायचं, "मी ढकललं." त्यावर ही त्याला जवळ घ्यायची. आवाज चढवणं नाही, डोळे वटारणं नाही. नवऱ्यालाही जेवताना तसंच चिडवायची. ते हसण्यावारी न्यायचे.

दम्यानं गेली ती. शनिवारी, भर दुपारी. पाळकांचं घर चर्चला लागूनच आहे, तुम्ही राहताच तिथे. मेहुणे अभ्यासाच्या खोलीत दार आतून लावून उद्याचा उपदेश लिहीत बसले होते. ती बाहेर, दाराशीच सापडली. ओठ निळे पडलेले आणि मूठ अजून दाराला टेकलेली. मी चर्चमध्ये उद्याची गीतं वाजवत होते. धावत आले तोवर सगळं आटोपलं होतं.

तिला पुरल्यानंतरच्या रविवारी हे व्यासपीठावर उभे राहिले. म्हणाले, "तिनं दार वाजवलं असणार. मला ऐकू आलं नाही." अख्खं चर्च रडलं. मी नाही रडले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हातभर अंतरावर बायको दारावर मुठी आपटतेय, आणि ऐकू आलं नाही म्हणे! त्या क्षणी मी ठरवलं, या माणसाच्या तोंडून खरं वदवून घ्यायचं, सगळ्यांसमोर. त्यापलीकडे मला जगात काही नको होतं. अन्न गोड लागत नव्हतं हो.

पुढे एका शनिवारी मी नेहमीसारखी सरावाला गेले. जेवणं झाल्यावरची वेळ, रस्त्यावर सामसूम. आभाळ भरून आलेलं, त्यामुळे आत दुपारीच संध्याकाळ उतरल्यासारखी वाटत होती. बंद चर्चला एक वास असतो बघा, मेणाचा, जुन्या लाकडाचा, कालच्या फुलांच्या पाण्याचा. ऑर्गन बाजूला, लाकडी जाळीच्या पडद्याआड. मी आत बसले, वही उघडली, आणि पाहते तर व्यासपीठावर हे उभे.

तालीम करत होते! हातात रुमाल. कुठे थांबायचं, कुठे आवंढा गिळायचा, सगळं करून बघत होते. मी श्वास रोखून बसले. म्हटलं बघू तरी नाटक.

"माझ्या प्रिय पत्नीच्या बाबतीत," ते रिकाम्या बाकांकडे बघत म्हणाले, "माझ्याकडून दुर्लक्ष झालं..."

"आणि?"

हळूच आला आवाज. पुढच्या बाकावरून. तिथे कुणी नव्हतं.

ते थबकले. जाळीकडे बघून म्हणाले, "ताई? तुम्ही आहात का तिथे?"

  मला वास आला होता... निलगिरीच्या तेलाचा. ती छातीला चोळायची ना, तो.

"ताई, थट्टा नको," ते म्हणाले. मग घसा साफ करून, जणू सवयीनंच, पुढे बोलले. "तिची हाक माझ्यापर्यंत पोचली नाही."

"आणि?"

आता त्या शब्दामागे श्वासही ऐकू येत होता. जिना चढून आलेल्या माणसाचा असतो तसा, बारीक शिट्टीसारखा. आत ओढला जाणारा... मग पुन्हा ओढला जाणारा. बाहेर सुटतच नव्हता.

"मला... ऐकू आलं नाही."

"आणि?"

"नीट ऐकू आलं नाही. म्हणजे काहीतरी वाजतंय असं वाटलं..."

"आणि?"

रुमाल गळून पडला त्यांच्या हातून. त्यांनी व्यासपीठाची कड धरली. आवाज गेला होता पार, नुसते ओठ हलत होते, तरी मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. "ऐकलं. मी ऐकलं. तिनं दार वाजवलं, मला हाक मारली, आणि मी ऐकलं. वाक्य पुरं करायचं होतं. चांगलं जमत होतं ते. मी उठलो नाही. नंतर आवाज थांबला तेव्हा... बरं वाटलं मला."

पुढचं बाक करकरलं. कुणीतरी उठावं तसं. आणि तो शिट्टीसारखा श्वास एकदाचा बाहेर सुटला.

मी जाळीबाहेर आले. भीती वाटत होती का? वाटत होती. पण खरं सांगते, त्याहून जास्त आनंद झाला होता. ते खाली पायरीवर बसून लहान मुलासारखे रडत होते, आणि मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, "उद्या हेच बोलायचं. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. नाहीतर मी उभी राहून सांगेन."

त्यांनी वर पाहिलं. "तुम्ही विचारत होतात ना, ताई?"

"मी तोंड उघडलं नाही," मी म्हटलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला त्याचंही काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते बोलले. जसंच्या तसं. आणि गंमत बघा, त्या दिवशी एकही रुमाल निघाला नाही. "राहून गेलं"वर ढसाढसा रडणारी माणसं "मी उठलो नाही" ऐकल्यावर उठून चालती झाली. बायांनी पोरांना दंडाला धरून बाहेर नेलं. एक म्हातारे गृहस्थ दारातून मागे वळून म्हणाले, "अहो, एवढं खरं बोलायला कुणी सांगितलं होतं?" आठवड्याच्या आत त्यांना घर सोडायला सांगितलं. कुणी भेटायलाही गेलं नाही, पाव आणणाऱ्यानं दारात थांबणं सोडलं. ज्यांना त्यांनी बाप्तिस्मा दिला तीच माणसं रस्ता बदलायला लागली.

त्या रविवारी मी शेवटचं गीत वाजवलं, ते रिकाम्या चर्चमध्ये. मुद्दाम मोठ्यानं. ते व्यासपीठावर एकटे उभे, डोळे मिटून. माझं समाधान झालं होतं, बाई. बहिणीला न्याय मिळाला असं वाटत होतं. शेवटचा सूर सोडला, तो वर तुळयांपर्यंत जाऊन विरला...

आणि माझ्या बाकावर, अगदी माझ्या शेजारी, कुणीतरी टेकलं. लाकूड दबलेलं मला जाणवलं. निलगिरीचा वास इतका, की डोळ्यांत पाणी यावं.

"आणि?"

उठले ती थेट घरी. त्या दिवसानंतर त्या ऑर्गनला हात लावला नाही.

अगं बाई! गेली वीज. बसा, बसा, उठू नका. मेणबत्ती इथेच आहे. हां, लागली. चहा घ्या, गार होतोय.

मेहुणे जायच्या दिवशी माझ्याकडे आले होते, हातात एक बॅग घेऊन. मला वाटलं शिव्या देतील. पण बॅग खाली ठेवून ते समोर बसले. चेहरा शांत होता. म्हणाले, "ताई, आता मला झोप लागते. सगळं गेलं, पण झोप लागते." मग दारात जाऊन थांबले. "त्या दिवशी ती दाराबाहेरून काय ओरडत होती, ते मी चर्चमध्ये सांगितलं नाही. ते माझं नव्हतं. ती म्हणत होती, 'माझा पंप कुठाय... ताईला विचारा, ताईनं घेतलाय का...'" एवढं बोलून गेले. मागे वळूनही बघितलं नाही.

असं काय बघताय? दम्याचा पंप हो, तोंडात फवारा मारायचा. उठल्यासुटल्या तोंडाला लावायची, चारचौघांत, सगळ्यांनी हिचीच विचारपूस करावी म्हणून. लहानपणापासून तेच. मला ताप आला तरी आई हिच्या उशाशी. त्या सकाळी आमची जराशी बोलाचाली झाली होती. मी म्हटलं होतं, दिवसभर त्याच्याशिवाय राहून दाखव, मग कळेल दमा किती आणि नाटक किती. पण ते आपलं रागात. बोलतो आपण. मग मी सरावाला निघून गेले. तो पंप माझ्या पर्समध्ये राहून गेला. होतं असं. घाईत वस्तू इकडची तिकडे होते.

काही म्हणालात का तुम्ही?

नाही? मला वाटलं बोललात.

राहून गेला म्हटलं ना! किती वेळा सांगायचं? पर्स मोठी, हाताशी होती, त्यात गेला. ऑर्गनवर असताना पर्स पायाशीच होती माझ्या, पण मला काय माहीत की... हे बघा पाळकीणबाई, त्यांनी खरं सांगितलं आणि त्यांचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. इथे माझं घर आहे. या गल्लीत मला मान आहे. झोप नाही लागली तर नाही लागली. मी एक शब्द जास्त बोलणार नाही, कुणी कितीही विचारो.

ही घ्या किल्ली. घ्या ना, हात का आखडताय?

आणि मेणबत्तीकडे असं टक लावून बघू नका. खिडक्या बंद आहेत, मीच लावल्यात. दारही लावलंय. तुम्ही मघापासून श्वास रोखून बसल्या आहात, मला दिसतंय. मीही रोखलाय.

तरी ज्योत बघा कशी आडवी होतेय, माझ्या खांद्यामागच्या अंधाराकडे... ओढल्यासारखी. आणि सरळ व्हायचं नाव नाही.