शुक्रवारचं बिरडं

"चार पूर्णांक सहा तारे! शिवाय एसी!" पेणच्या चौकात गाडी हळू करत सुशीलकाका म्हणाले. "आणि पार्किंगही आहे. बोला, इथंच जेवायचं का?"

"बाबा, पार्किंग खायचं असतं का?" मितेशने विचारलं.

मितेश दहा वर्षांचा. मनात आलं की लगेच तोंडातून बाहेर, असा त्याचा कारभार! खोटं बोलायचं तर त्याला जमतच नसे. एकदा आईने दारातल्या पाहुण्यांना 'मितेश झोपलाय' असं सांगितलं, तर हा आतून ओरडला होता, "नाही, मी जागा आहे!"

"रोह्याला जायचं ठरलंय ना?" त्याची मोठी बहीण किमया म्हणाली. "धोंडुबाईंच्या खानावळीत. बिरडं खायला."

तिने मागे वळून साहिलकडे बघितलं. साहिल त्यांचा मामेभाऊ, तेरा वर्षांचा. तो खिडकीबाहेर बघत होता. हातात बिस्किटाचा पुडा होता आणि त्यातलं एकच बिस्कीट संपलं होतं.

हाच का तो साहिल? चिंबोरीचे नांगे दाताने फोडणारा, चिखलातले निवट्या मासे आवडीने खाणारा, 'अजून वाढा' म्हणताना कधीच न लाजणारा? दर सुट्टीत किमया आणि मितेश कल्याणहून पेणजवळच्या जिते गावी मामाकडे यायचे आणि मग तिघांची खाबूगिरी सुरू व्हायची. साहिलचे बाबा, म्हणजे पोपटमामा, टेंपो चालवायचे. पेणहून पोह्यांचे पापड भरून दर शुक्रवारी ते रोह्याला निघायचे आणि केबिनमध्ये ही तिघं दाटीवाटीने बसलेली असायची. रोह्यात धोंडुबाईंच्या खानावळीतलं बिरडं ठरलेलं, पण यंदा जूनमध्ये ती जुनी खानावळ बंद झाली होती.

चांगलं हॉटेल शोधायचे पोपटमामांचे तीन नियम होते. एक, बोर्ड वाचायचा नाही. दोन, रिक्षावाले कुठं जेवतात ते बघायचं. आणि तीन, सगळ्यात महत्त्वाचा, मालक स्वतः काय जेवतो ते बघायचं! "आणि जो नाक मुरडेल, त्याला टेंपोतून खाली उतरवीन!" असा दमही ते द्यायचे. उतरवलं मात्र कधीच कोणाला नाही. उलट पोरांच्या ताटातले माशांचे काटे काढून देत बसायचे. पोरांचं पोट भरल्याशिवाय स्वतःच्या ताटाला हातसुद्धा लावायचे नाहीत.

आणि ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, पोपटमामांना ताप आला. पाचव्या दिवशी ते गेले.

तेव्हापासून साहिल जेवेनासा झाला. दहीभात नाहीतर चहाबिस्कीट, बस्स! म्हणून तर नाताळच्या सुट्टीत शकूमामीने त्याला आत्याबरोबर, म्हणजे किमया-मितेशच्या आईबरोबर, पाठवलं होतं. "अनिता, बघ गो तुझ्याकडून काय खातो काय," म्हणताना मामीने डोळ्यांना पदर लावला होता.

खरी गोष्ट मात्र मोठ्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हती. साहिलने ती काल संध्याकाळी फक्त या दोघांना सांगितली होती.

दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवला. कावळ्याने त्याला शिवलं की गेलेल्या माणसाचं मन तृप्त झालं, असं मानतात. पण कावळा पिंपळावरून खाली येईना! मग मोठी माणसं हात जोडून वचनं देऊ लागली. "शकूला सांभाळू," कोणी म्हणालं. "घराचं अर्धवट काम पुरं करू." "साहिलला इंजिनीअर करू." कावळा हललाच नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आले.

"बाबा तापात म्हणाले होते, बरा झालो की धोंडुबाईला शोधू, तिच्या हातचं बिरडं खाऊ," साहिल म्हणाला होता. "मला ठाऊक होतं. पण सगळे एवढं मोठं मोठं बोलत होते. त्यात मी बिरडं कसं म्हणणार? मला लाज वाटली रे. मी गप्प बसलो."

"म्हणजे मामा उपाशी गेले?" मितेशने पटकन विचारलं. किमयाने त्याला जोरात चिमटा काढला, पण बाण सुटला होता. साहिल उठून अंगणात गेला. मितेशला रात्रभर आपल्या जिभेचा राग येत राहिला.

"मिळालं!" सुशीलकाका मोबाइल बघत म्हणाले. "'धोंडुबाईंची खानावळ, आता नव्या जागेत!' रोह्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यावर. चला!"

बोर्ड चांगला ट्रकएवढा होता. त्यावर धोंडुबाईंचा फोटो होता, नाकातल्या चमकीसकट. पाच जणांनी बिरडं मागवलं आणि दोन मिनिटांत पाच वाट्या समोर आल्या!

साहिलने घास उचलला. गेल्या चार महिन्यांत त्याने एवढ्या आशेने काहीच उचललं नव्हतं. घास तोंडात गेला आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे बिरडं नाहीच!" मितेश मोठ्याने म्हणाला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली.

"हळू!" अनिताआत्या म्हणाली.

"पण मोड कुठं आहेत? आणि कडूपणा?"

बरोबर होतं त्याचं. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात घट्ट बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलायचा. दोन दिवस जातात! म्हणून तर बिरड्याच्या दाण्याला बारीकशी शेपटी असते आणि घास गिळल्यावर जिभेवर किंचित कडू चव राहते. या वाटीत सोडा घालून शिजवलेली नुसती वालाची डाळ होती.

"काका, धोंडुबाई कुठं आहेत?" किमयाने गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं.

"मी त्यांचा भाचा, जितेश. मावशी थकली आता. गावाला गेली, कायमची."

"कोणत्या गावाला?"

"लांब हाय गो. तू जेव बघू!" असं म्हणून त्याने टेबलाखालून स्टीलचा डबा काढला आणि पाठ वळवून जेवायला बसला.

किमया परत येऊन कुजबुजली, "साहिल! तिसरा नियम! मालक स्वतःच्या हॉटेलातलं जेवत नाहीये!"

साहिलने मान वर केली. "डब्यात काय आहे?"

"ते आता मितेश विचारेल."

"मी? काय विचारू?"

"मनात येईल ते!"

एवढी मोकळीक मितेशला जन्मात कोणी दिली नव्हती! तो थेट गल्ल्यापाशी गेला. "काका, तुमच्या हॉटेलात एवढं जेवण असताना तुम्ही डबा का आणता? इथलं तुम्हाला आवडत नाही का?"

शेजारचे दोघं खो खो हसले. जितेश गडबडला, त्याचा कोपर लागला आणि डब्याचं झाकण खणखणत जमिनीवर गेलं. किमयाने झटकन उचललं. आपल्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय बाईला चैन पडत नाही! झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी लिहिलं होतं : धोंडुबाई राघो म्हात्रे, वरसे. आणि उघड्या डब्यात सोललेले पिवळसर वाल होते, प्रत्येकाला शेपटी!

"वरसे?" किमया म्हणाली. "हे लांबचं गाव? हे तर रोह्याला चिकटून आहे!"

जितेशने झाकण हिसकावून घेतलं आणि डबा घट्ट बंद केला.

"जाऊ दे," सुशीलकाका म्हणाले, "जेवणावरून कशाला भांडायचं? आता घरी जाऊ."

"आत्या," साहिल म्हणाला. सकाळपासून तो जेमतेम दुसऱ्यांदा की तिसऱ्यांदा बोलत असेल. "मला तिथं जायचंय."

अनिताआत्याने त्याच्याकडे बघितलं. आपल्या भावाचेच डोळे होते ते. "गाडी वरशाला घ्या," ती नवऱ्याला म्हणाली, आणि सुशीलकाकांनी मुकाट्याने चावी काढली.

वरशात जिकडे बघावं तिकडे नव्या इमारती. पण दुसरा नियम होताच! रिक्षास्टँडवर किमयाने नाव घ्यायचा अवकाश, एक रिक्षावाला म्हणाला, "धोंडुमावशी? त्या बिल्डिंगच्या मागं, शेवग्याचं झाड हाय तिथं. जितेशशेठचा डबा मीच नेतो ना रोज!"

शेवग्याखाली छोटं कौलारू घर होतं. दारात पोहोचण्याआधीच वास आला. कोकम, ओलं खोबरं आणि वाल! साहिल जागच्या जागी थांबला.

"कोन हाय?" धोंडुबाई बाहेर आल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "पोपटची पोरं गो ही! अगो बाय! किती दिवसांनी! पोपट कुटं हाय? टेंपो लावतो काय?"

मितेशने तोंडावर हात गच्च दाबून धरला. आपल्या तोंडून ते निघू नये, एवढंच त्याला वाटत होतं.

"मला म्हाईत होता, आज येईल," धोंडुबाई बोलतच होत्या. "दर बुधवारी वाल भिजत घालते मी. शुक्रवारी पोपट यायचा ना! जितेश म्हनला, पोपटला घराचा पत्ता दिलाय, येईल तो. पन एवढे शुक्रवार गेले, येतच नाय! मला वाटला, रागावला काय माज्यावर?"

"बाबा गेले, धोंडुबाई," साहिल म्हणाला. "गणपतीच्या आधी."

त्या उंबऱ्यावर बसल्या. साहिलला त्यांनी शेजारी ओढून बसवलं.

"ते आले होते तुम्हाला शोधायला. जुलैमध्ये. आज आम्हाला सांगितलं तेच त्या नव्या हॉटेलात त्यांनाही सांगितलं असणार, तुम्ही गावाला गेलात. कायमच्या."

म्हणजे इकडे ही बाई दर शुक्रवारी वाट बघत होती आणि तिकडे मामा तिला शोधत होते! दोघांच्या मध्ये जेमतेम दहा मिनिटांचा रस्ता होता. गिऱ्हाइकांना मावशीचं घर कळलं तर आपल्या हॉटेलात कोण येणार, या एका भीतीपायी जितेश दोन्हीकडे खोटं बोलला होता. किमयाला इतका राग आला की तिला रडूच फुटलं.

"लाव त्याला फोन," धोंडुबाई सुशीलकाकांना म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण हलत नव्हता. "जितेश? माजा फोटो उतरव, आजच्या आज. नावपन उतरव. आनि उद्यापासून डबा नाय येनार. तुज्याच हाटेलात जेवत जा!"

फोन खाली ठेवल्यावर मात्र त्या पदर तोंडाला लावून रडल्या. मग साहिलने त्यांना घाटावरची सगळी गोष्ट सांगितली. कावळ्याची, वचनांची, आणि त्याला वाटलेल्या लाजेची. अनिताआत्या भिंतीला टेकून ऐकत होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "अरे, मला का नाही सांगितलंस रे सोन्या?" एवढंच ती म्हणू शकली.

धोंडुबाईंनी केळीचं पान कापलं. साहिलने स्वतःच्या हातांनी भात वाढला, त्यावर बिरडं, बाजूला पोह्याचा पापड. अंगणाच्या दगडी गडग्यावर त्याने पान ठेवलं आणि हात जोडले. "बाबा, बिरडं आणलंय. आधी बोललो नाही, चुकलो."

शेवग्यावर एक कावळा होता. त्याने मान तिरकी करून बघितलं आणि तिथेच बसून राहिला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. साहिलने जोडलेले हात सोडले नाहीत.

"असा कसा येईल तो?" धोंडुबाई एकदम म्हणाल्या. "पोरां उपाशी असताना पोपट कदी जेवलाय काय? आदी तुमी बसा बगू!"

तिघं ओटीवर बसली. साहिलने पहिला घास खाल्ला. मग दुसरा. जिभेवर ती ओळखीची कडू चव आली आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डोळे न पुसता तो जेवत राहिला. ताट पुसून खाल्लं आणि हात धुवायला आत मोरीवर गेला.

तेवढ्यात धोंडुबाईंची तांबडी कोंबडी टुणकन गडग्यावर चढली! मितेशने पाहिलं. अनिताआत्याने पाहिलं. कोणी उठायच्या आत तिने पानातला भात विस्कटला, बिरड्याचे चार दाणे टिपले आणि उडी मारून पसार झाली. कावळा आपला शेवग्यावरच बसलेला.

साहिल बाहेर आला. पान विस्कटलेलं दिसलं आणि तो थबकला.

"शिवला?" त्याने विचारलं. विचारताना तो मितेशकडेच बघत होता, कारण मितेश कधी खोटं बोलत नाही हे सगळ्या घराला ठाऊक होतं.

मितेशने त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"हो," तो म्हणाला. "मोठा होता. भात बाजूला केला आणि आधी बिरडंच खाल्लं."

साहिल पायरीवर बसला आणि मोठ्याने रडला, चार महिन्यांत पहिल्यांदा. अनिताआत्याने त्याला कुशीत घेतलं. त्याच्या डोक्यावरून तिने मितेशकडे पाहिलं आणि दुसऱ्या हाताने त्यालाही जवळ ओढलं.

"शानी हाईत गो तुजी पोरां," धोंडुबाई म्हणाल्या. त्यांनी पायानेच कोंबडीला हळूच घरामागे हुसकलं आणि मितेशच्या केसांवरून हात फिरवला. "पोपटच्या हाताखाली तयार झालेली."

मितेश तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायला.

साहिलने बाहीने नाक पुसलं. मग उष्टं ताट ओढून परत पाटावर बसला.

"धोंडुबाई," तो म्हणाला, "अजून वाढा."