शेवटच्या नळाच्या पुढे

मुक्ता चुरीने वापीहून जुना कॉम्प्युटर आणला, तेव्हा डहाणू रोडच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या बायका तो पाहून गेल्या. नवरा देवेश स्टेशनवर तिकीट खिडकीवर होता. मुक्ता सिव्हिल इंजिनियर. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ऑफिसात नकाशे काढल्यावर सत्त्याण्णव साली तिला स्वतःच्या नावावर पहिलं काम मिळालं होतं: उधव्याजवळच्या एका पाड्याला टाकीतून नळाचं पाणी द्यायचं. तिथल्या बायका हंडे घेऊन टेकडी उतरून ओढ्यावर जात. योजना अडली तर पुढचा उन्हाळाही तसाच जाणार होता.

पाइपांचा हिशेब करायला तिने सॉफ्टवेअर घेतलं होतं. पडद्यावर प्रत्येक घर म्हणजे एक ठिपका. ठिपक्यापुढे घरातली माणसं भरली, की कुठे केवढा पाइप हवा ते निघे. मुक्ताने पाडा स्वतः पायी फिरून मोजला होता. तरी छापून आलेल्या नकाशात शेवटच्या घरापुढे एक ठिपका जास्त निघाला. माणसं: पाच.

आपलाच हात चुकला असेल म्हणून तिने तो पुसला. पुन्हा उघडलं तर तिथेच. तोवर एक प्रत मंजुरीसाठी सरकारी कचेरीत गेली होती. नसलेल्या घराला नळ देता येत नाही असं म्हणून साहेबांनी कागद परत केले आणि सोमवारची मुदत दिली.

खात्री करायला ती बसने उधव्याला गेली. पाड्यातलं शेवटचं घर नवशीचं. त्यापुढे उघडा माळ, वाळकं गवत. ना जोतं, ना चुलीचे दगड. इथे पूर्वी कोणी राहायचं का, असं मुक्ताने विचारलं. नवशी भात पाखडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"तठं कोन नाय रेत, बाय," ती म्हणाली. मग जरा वेळाने, सुपातून मान न उचलता, "पन तुला कोनी सांगलं?"

घरी आल्यावर मुक्ताने सहज, सॉफ्टवेअर शिकताना सरावाला केलेलं गंजाडच्या शाळेचं जुनं काम उघडलं. त्या नकाशाच्या कडेलाही ठिपका होता. माणसं: पाच. तिला उलट हायसंच वाटलं. म्हणजे दोष पाड्यात नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि सॉफ्टवेअर काढून टाकता येतं.

तिने ते काढलं आणि फ्लॉप्यांवरून पुन्हा टाकलं. एकही नकाशा न उघडता, कोऱ्या पडद्यावर ठिपका हजर.

रविवारी दुपारी ती हट्टाला पेटून बसली. प्रोग्रॅम गेला तरी त्याचं काही ना काही मागे राहतं, हे आता तिच्या ध्यानात आलं होतं. तिने तो पुन्हा काढला. मग उरलेले फोल्डर शोधून पुसले. रजिस्ट्रीची, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या नोंदवहीची, नक्कल बाजूला ठेवून तिथल्या त्याच्या नोंदी एकेक करून उडवल्या. जुने नकाशेही टाकून दिले. पाडा तिच्या डोक्यात होता, नव्याने भरता आला असता. शेवटी एकच फाइल राहिली. पुसायला गेली की कॉम्प्युटर सांगे, फाइल वापरात आहे.

प्रोग्रॅमच नाही, तर वापरतंय कोण?

देवेश चहा घेऊन आला. पडद्याकडे बघून म्हणाला, "राहू दे ना एक."

"नाही राहणार," मुक्ता म्हणाली.

तिने कॉम्प्युटर बंद केला, विंडोज न उघडता नुसत्या डॉसमध्ये चालू केला आणि फाइल पुसली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग रिकामी ओळ आली. फाइल गेली होती.

सॉफ्टवेअर नव्याने चढलं. पडदा कोरा होता. तिने सगळी घरं भरली, हिशेब केला, बंद करून पुन्हा उघडला. घरं तेवढीच. मुक्ता खुर्चीतून उठली आणि हसत सुटली. देवेशही हसायला लागला.

सोमवारी कागद मंजूर झाले.

पुढच्या चैत्रात पाड्याला पाणी आलं. रूपी नावाच्या म्हाताऱ्या बाईने पहिल्या नळाला हळदकुंकू लावलं. पोरं धारेखाली नाचली. बायकांनी मुक्ताला मध्ये घेऊन फेर धरला, तिच्या साडीचे काठ चिखलाने भरले आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. शेवटच्या घरापर्यंत धार जाड होती, हिशेबात निघाली होती तशीच. एवढी खूश ती लग्नातही नव्हती, असं देवेश नंतर सांगायचा.

ऊन कलल्यावर सगळे नळ बंद झाले. कुठे गळती आहे का बघायला मुक्ता नवशीच्या अंगणात गेली. पाइप तिथेच संपत होता, टोकाला घट्ट बूच होतं. तिने वाकून त्याला कान लावला.

आत पाणी वाहत होतं.

माळाच्या बाजूला, जमिनीखाली, हंडा भरत होता. भरता भरता आवाज बारीक होत गेला, काठाला आला आणि थांबला. थेंबही वाया जाऊ नये म्हणून कोणीतरी बेताने नळ बंद करावा, तसा.

मुक्ताने वर पाहिलं. नवशी दारात उभी होती.

पाइपात पुन्हा पाणी वाहू लागलं. तिकडे दुसरा हंडा लागला होता.