शेवटचे दोन खळगे

आमच्या प्रयोगशाळेत फक्त घोड्यांचं रक्त येतं. पाय सुजो, पोटात पीळ पडो, आत कुठे काही बिनसलं की घोड्याचं शरीर एक प्रथिन सोडतं, मदतीला हाक मारावी तसं. ती हाक किती मोठी, हे मोजायचं काम माझं. प्लास्टिकच्या ताटलीत शहाण्णव बारीक खळगे. प्रत्येक नमुना दोन खळग्यांत, म्हणजे हात चुकला तर कळतं. पिवळा रंग जितका गडद तितका आकडा मोठा. आमचं किट घोड्याचंच प्रथिन ओळखतं. माणसाचं रक्त घातलं तर रंग येतच नाही.

हे सगळं मला पाठ होतं. तरी त्या सकाळी शेवटच्या दोन खळग्यांत मी माझ्या लेकीचं रक्त घातलं.

सहा महिन्यांची पोर. आठ दिवस ताप. रिपोर्ट सगळे चांगले. तिचं रक्त तपासणाऱ्या बाईकडून उरलेली नळी मागून आणली होती. आठ रात्री जागलेल्या बाईच्या हातून काहीही होतं, एवढंच सांगते.

"डोळे बघ तुझे," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. "घरी जा, नाहीतर ताटलीवरच डोकं टेकशील."

"घरी कोण टेकू देतंय?"

अकरा वाजता रंग आला. शेवटच्या दोन खळग्यांतही आला. यंत्राने आकडा दिला, चारशे बारा. त्यांच्या आधीचे दोन खळगे एका आजारी घोडीचे होते. तिचाही चारशे बारा.

हात चुकला असणार. मी नवी ताटली घेतली. घोडी या टोकाला, लेक त्या टोकाला. तीन वाजेपर्यंत जेवले नाही.

चारशे अडतीस. चारशे अडतीस.

नळ्या त्याच, रक्त सकाळचंच. आकडा मात्र चढला होता. दोघींचा.

मैत्रीण चहाला गेली होती, आणि घोडीच्या डॉक्टरांचा फोन आला.

"मॅडम, काय म्हणतोय आकडा? तीन दिवस आडवी आहे बिचारी. उतरला नसेल तर आज मोकळं करतो तिला. इंजेक्शन भरून ठेवलंय."

सहा वर्षांत मी एकही आकडा खोटा सांगितला नव्हता.

"उतरलाय," मी म्हटलं. "निम्म्यावर आलाय."

"नक्की?"

"दोनदा केलंय."

ते घोडीजवळ वाकले असावेत. मला पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता, जड, घरघरणारा. पान्हा दाटून कुर्ता ओला झाला.

"मग थांबतो," ते म्हणाले.

पाच वाजता पुन्हा फोन. "उठली, मॅडम. तुमच्या आकड्याने वाचवली तिला."

मी घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

"ताप उतरला गं. आत्ताच, तासाभरात."

"झोपलीय?"

"झोपलीय." मग अगदी हळू आवाजात, "तू लगेच निघ."

"का, आई?"

"तिला अजून बसतासुद्धा येत नाही ना?"

"नाही."

"उभी राहून झोपलीय. कशालाही न धरता."